दादाने निवडलेली चाकं

माझ्या भावाला ‘मला माहीत नाही’ असं म्हणता येत नाही. बाकी तो दिवसभर बोलतो, पण एवढ्या तीन शब्दांपुरता मुका आहे. रस्ता चुकलेला एखादा माणूस आमच्या दुकानापुढे थांबून पत्ता विचारतो. दादाने ती गल्ली उभ्या आयुष्यात पाहिलेली नसते. तरी हातातला पाना हवेत फिरवून तो सांगतो, “सरळ जा, डावीकडे वळा, पुढे कुणालाही विचारा.” माणूस गेला की मी म्हणते, “कुठे पाठवलास रे बिचाऱ्याला?” तर म्हणतो, “पोचेल गं. माणूस कुठेतरी पोचतोच.”

आमचं टायरचं दुकान आहे, दोन शटरचं. एका शटरमध्ये ट्रकचे टायर छतापर्यंत रचलेले. दुसऱ्यात हवेचा कॉम्प्रेसर, टायर उतरवायचं मशीन, पंक्चर बघायची पाण्याची टाकी आणि कोपऱ्यात माझं बॅलन्सिंग मशीन. चाक त्यावर चढवायचं, फिरवायचं, कुठे हलकं भरतंय ते आकड्यात दिसतं, तिथे वजनाची पट्टी लावायची. हे काम मी गेली कित्येक वर्षं करते आहे. ग्राहक मात्र अजूनही माझ्याकडे बघून विचारतात, “ताई, मालक कुठे आहेत?” मालक म्हणजे दादा. सगळा बाजार त्याला दादाच म्हणतो, त्याच्यापेक्षा मोठी माणसंसुद्धा.

ट्रकच्या टायरमध्ये त्याचा हात धरणारा कुणी नाही. हे मी बहीण म्हणून सांगत नाही. बहीण म्हणून सांगायला बसले तर बरंच वेगळं सांगेन. टायरवरून नुसता तळवा फिरवून तो सांगतो की गाडीत माल एका बाजूला जास्त भरतात, किंवा ड्रायव्हर ब्रेक उशिरा मारतो. आणि त्याचं एकच तत्त्व, टायर टिकला पाहिजे. एखादा ड्रायव्हर जुनाच टायर घेऊन परत आला की दादा त्या टायरला असा थोपटतो की मला वाटतं, आता याला विचारेल, जेवलास का बाळ?

वहिनी गेल्या तेव्हा दादाची एकुलती एक मुलगी, आमची बबी, शाळेत होती. आम्ही दोघांनी मिळून तिला वाढवलं. दादाने माया पुष्कळ केली, पण त्याच्या पद्धतीने. तिने काय शिकायचं, केस किती कापायचे, जेवताना पाणी कधी प्यायचं, सगळं ह्यालाच माहीत. बबी मला ‘तू’ म्हणते आणि बापाला ‘तुम्ही’, यातच काय ते समजा. तिने स्वतःच्या मनाने एकच गोष्ट केली, ती म्हणजे लग्न.

मुलगा कवळ्या बनवणारा. दातांच्या दवाखान्यांतून साचे येतात, त्यावर दिवसभर वाकून तो एकेक दात बसवतो. शांत माणूस, आवाज इतका बारीक की फोनवर त्याला दोनदा ‘काय?’ म्हणावं लागतं. त्याला नाद एकच. त्याच्याकडे एक जुनी, दोन सीटची स्पोर्ट्स कार होती. मोडक्या अवस्थेत आणून स्वतः दुरुस्त केलेली. कामावर तिनेच जायचा आणि एखाद्या रविवारी शहराबाहेरच्या रेसट्रॅकवर ती पळवायचा. तिथे शर्यत नसते, बक्षीस नसतं. आपापली गाडी घेऊन यायचं, पाळी आली की ट्रॅकवर सोडायची आणि मनसोक्त पळवायची.

दादाने त्याला लग्नाआधी घरी बोलावलं आणि तोंडावर सांगितलं, “खेळण्यातल्या गाडीत बसून जो गोल गोल फिरतो, तो संसार काय सरळ चालवणार?”

बबी ताडकन उठली. “तुम्हाला तो नको असेल, तर मीही या घरात येणार नाही.”

“दार उघडंच आहे,” दादा म्हणाला.

ती त्या दारातून गेली ती दोन वर्षं आली नाही. दादा मला म्हणायचा, “मला काय फरक पडतो?” आणि फोन वाजला की माझ्याआधी उठायचा. माझ्या डोळ्यांसमोर तो त्या दोन वर्षांत वाळला. मला त्याची कीव यायची आणि रागही यायचा, आणि रागाचं पारडं बहुतेक वेळा जड असायचं.

मग एका दुपारी ती कार आमच्या दुकानापुढे येऊन उभी राहिली. जावई एकटाच उतरला. कॉम्प्रेसर सुरू होता, त्यामुळे पहिलं वाक्य कुणालाच ऐकू आलं नाही. मी कॉम्प्रेसर बंद केला.

“रिम आणि टायर बदलायचेत, बाबा,” तो म्हणाला. “रस्त्यावर चालतील आणि ट्रॅकवरही. म्हटलं, तुम्हाला विचारावं.”

त्याला बबीने पाठवलं होतं, हे मला नंतर कळलं. ‘बाबांना काहीतरी विचार, ते विरघळतील,’ असं तिने सांगितलं होतं. बापाला ओळखून होती पोरगी. दादाच्या चेहऱ्यावर दोन वर्षांनी उजेड पडला. त्याने हात पुसले, स्टूल पुढे सरकवलं, चहा मागवला. आणि जिथे त्याने सरळ म्हणायला हवं होतं की बाबा रे, असल्या गाडीतलं मला कळत नाही, तिथे तो पायावर पाय टाकून बसला.

“आत्ता किती इंची आहेत?”

“पंधरा.”

“लहान आहेत.”

“लहान आहेत, पण हलकी आहेत. मला वाटत होतं, रस्त्यासाठी एक सेट ठेवावा आणि ट्रॅकसाठी मऊ रबराचा वेगळा...”

“दोन सेट? सर्कस काढायची आहे का? आणि मऊ म्हणजे काय, खोडरबर? सोबत पेन्सिल पण घेऊन फिरणार?” दुकानातले दोन्ही कामगार हसले. लोक असे हसले की दादा फुलतो.

“नाही, म्हणजे वळणावर टायर तापतो. रबर मऊ असेल तर रस्त्याला चिकटून राहतं. झिजतं लवकर, पण...”

“झिजतं ना? मग विषयच संपला.”

दादाने निवड केली ती अशी. पंधराच्या जागी सतरा इंची रिम, चकचकीत आणि इतकी जड की ती मशीनवर चढवताना माझ्या कमरेने मला शिव्या दिल्या. त्यावर कडक रबराचे टायर, जे आम्ही माल वाहणाऱ्या छोट्या व्हॅनना देतो. चाक आत कुठे घासत नाही ना, हे मात्र त्याने स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून, खाली झोपून पाहिलं. त्याच्या कामात हयगय नसते. कामच चुकीचं होतं, एवढंच.

“दगड आहे दगड,” टायरवर मूठ आपटत तो म्हणाला. “तुझी पोरं होतील, ती मोठी होऊन याच टायरवर गाडी शिकतील.”

जावयाने एकदम वर पाहिलं. दोन वर्षांत आमच्याकडून त्याच्या पोराबाळांचा विषय कुणी काढला नव्हता. त्याला अजून काहीतरी बोलायचं होतं, ते मला दिसत होतं. पण तो नुसतं “बरं” म्हणाला आणि गाडी जॅकवर चढली.

पुढच्या रविवारी दोघं आमच्या घरी आली. बबीने दारात चपला काढल्या तेव्हा दादा तिच्याकडे न बघता मला म्हणाला, “अगं, चहात साखर कमी टाक, हिला कमी लागते.” इतकंच बोलून तो आत गेला आणि बाथरूमचा नळ सोडून बराच वेळ आत राहिला. त्यानंतर ट्रॅकवरून परत येताना दोघं आमच्याकडे चहाला थांबू लागली. दादा बाजारात सांगत सुटला, “आमचे जावईबापू रेस मारतात, आणि चाकं कुणी निवडली?” ऐकणाऱ्याने “कुणी?” म्हणेपर्यंत तो थांबायचा.

पहिल्याच महिन्यात जावयाचं उजवं मनगट मोडलं. बाथरूममध्ये पाय घसरला, असं बबीने फोनवर सांगितलं. गाडीही काही दिवस दिसली नाही, चालवणार कोण म्हणून. प्लास्टर घातलेला हात घेऊन तो आमच्याकडे आला, तेव्हा दादाने चहाचा कप त्याच्या डाव्या हातात देत म्हटलं, “बाथरूममध्ये घसरणारा माणूस ट्रॅकवर काय करत असेल? मी टायरला ग्रिप दिली, जावईबापू. पायांना कुठून देऊ?”

आम्ही सगळे हसलो. जावईही हसला. दादाला तो विनोद इतका आवडला की त्याने तो दुकानात सांगितला, शेजारच्या बॅटरीवाल्याला सांगितला, ट्रकवाल्यांना सांगितला. कवळ्यांचं काम मनगटाचं असतं. प्लास्टर निघेपर्यंत त्याचं काम बंद होतं, आणि इकडे ट्रकवाले दूरदूरच्या गावांत तो विनोद पोचवत होते.

प्लास्टर निघालं, गाडी परत दिसू लागली, रविवारचा चहा सुरू झाला. दर रविवारी दादा खाली जाऊन टायर बघायचा. नव्या टायरवर साच्यातून निघालेले रबराचे बारीक केस असतात. मधले केस रस्त्यावर लगेच झिजतात, पण कडेचे, टायरच्या खांद्यावरचे, तेव्हाच जातात जेव्हा गाडी वळणावर जोरात रेटली जाते. महिने गेले तरी ते केस बरेचसे तसेच होते.

“बघितलंस?” दादा मला म्हणाला. “ट्रॅकवर पळूनसुद्धा केस शाबूत. याला म्हणतात टायर!”

“दादा, खांद्यावरचे केस शाबूत आहेत म्हणजे तो वळणावर पळालाच नाही.”

“तू वजनाच्या पट्ट्या लाव.”

टायर ओळखण्यात केस पांढरे झालेला माणूस, आणि दुसऱ्या कुणाच्या गाडीवर हे पाहिलं असतं तर त्याने एका नजरेत निकाल दिला असता. पण ह्या चारही टायरमध्ये त्याला त्याची मुलगी परत मिळाली होती. तिथे त्याची नजर चालेना.

शेवटी बॅटरीवाल्यानेही तेच म्हटलं. बॅटरीवाला म्हणजे आमचा शेजारी, दादाचा जुना दोस्त आणि तितकाच जुना वैरी. दादाची एक तरी चूक आपल्या हाती लागावी म्हणून जन्मभर टपून बसलेला. “दादा,” तो म्हणाला, “तुमचा जावई गाडी पळवतो की ढकलत नेतो?”

दादा भडकला. “रविवारी चल. डोळ्यांनी बघ.”

आणि आम्ही तिघं बॅटरीवाल्याच्या गाडीतून, कुणालाही न कळवता, ट्रॅकवर गेलो. दादाने इस्त्रीचा शर्ट घातला होता.

उघड्या माळावर डांबराची एक वळणावळणाची वाट, तिच्या कडेला पत्र्याच्या शेडची रांग. प्रत्येक शेडपुढे एखादी गाडी, जॅक, पाने, हवेचा पंप, आणि जळक्या रबराचा वास. दादा हात मागे बांधून, एखादी शाळा तपासायला आल्यासारखा चालत होता. चौथ्या की पाचव्या शेडमध्ये त्याला ती चाकं दिसली. चारही भिंतीला टेकवून, खाली जुनी चादर अंथरून, पुसून ठेवलेली.

“ही माझी!” दादा बॅटरीवाल्याला म्हणाला. मग त्याने गाडी शोधली. गाडी ट्रॅकवर होती. काळ्या, लहान, साध्या चाकांवर ती आमच्यासमोरून सुसाट गेली.

शेडपुढे घडीच्या खुर्चीत एक माणूस थर्मासमधला चहा पीत बसला होता. मागे त्याची व्हॅन उभी होती. दादाने त्याला विचारलं, “ही चाकं का काढून ठेवलीत?”

“ती होय?” तो माणूस मोकळेपणी हसला. “ती सासऱ्याची चाकं. म्हातारा ट्रकचे टायर विकतो, त्याने जावयाच्या गळ्यात मारली. एकदाच लावून पळाला त्यांच्यावर. चार फेऱ्यांत टायर तापले, त्या लांब वळणावर सुटले, आणि गाडी थेट कडेच्या टायरच्या भिंतीवर. पुढचं चाक धडकलं की स्टिअरिंग असा झटका मारतं ना, मनगटच मोडलं. पुढची रिम वाकली, तर तशीच दुसरी शोधायला अख्खं शहर पालथं घातलं बिचाऱ्याने. सासऱ्याला कळू नये म्हणून.”

त्या माणसाला वाटलं, आम्हाला गोष्ट आवडते आहे.

“आता त्याची जुनी चाकं माझ्या व्हॅनमध्ये असतात. इथे आला की ती लावतो, जाताना परत सासऱ्याची. म्हाताऱ्याकडे चहाला जायचं असतं ना! मी म्हटलं, अरे सांगून टाक एकदाचं. तर त्याची बायको म्हणते, नको. बाबांना चूक दाखवली तर दार परत बंद होईल.” त्याने चहाचा घोट घेतला. “तुम्ही कुणाकडे आलात?”

दादाचे कान लालबुंद झाले होते. जो माणूस चौकात अनोळखी लोकांना थांबवून आपली ओळख सांगतो, तो म्हणाला, “असंच. सहज बघायला आलो.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बॅटरीवाला पाठ फिरवून भिंतीवरची आग विझवण्याच्या सूचनांची पाटी वाचू लागला. तेवढ्यात गाडी आत आली. जावयाने हेल्मेट काढलं आणि आम्हाला पाहिलं. मागून पाण्याची बाटली घेऊन बबी आली, ती जागच्या जागी थांबली.

“बाबा!” जावई म्हणाला. “ते... सकाळी एका चाकात पंक्चर निघालं, म्हणून मग चारही...”

खुर्चीतल्या माणसाने एकदा जावयाकडे पाहिलं, एकदा दादाकडे, आणि उठून व्हॅनच्या मागे निघून गेला.

सगळे दादाकडे बघत होते. मी मनात म्हणत होते, बोल रे, आता तरी बोल. दादाने घसा साफ केला.

“अस्सं,” तो म्हणाला. “पंक्चर होय. मग आणा दुकानात. काढून देतो.”

बबीने सोडलेला सुस्कारा मला ऐकू आला. बापाने खोटं मानून घेतलं म्हणून तिला सुटल्यासारखं वाटलं होतं. त्या सुस्काऱ्याची मला जितकी लाज वाटली तितकी त्या माणसाच्या बडबडीचीही वाटली नव्हती. मला ऐकू आला म्हणजे दादालाही आलाच असणार, तो माझ्याहून जवळ उभा होता.

परतीच्या वाटेवर बॅटरीवाल्याने चकार शब्द काढला नाही. जन्मभर वाट पाहिली ती चूक त्याच्या हाती लागली होती आणि तो नुसता गाडी चालवत होता. दादाला त्याने चिडवलं असतं तर बरं झालं असतं. दादा खिडकीतून बाहेर बघत होता, आणि बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

त्या आठवड्यात एक ट्रकवाला टायर बदलायला आला. लांबचा माणूस, फार दिवसांनी आलेला. उतरता उतरता मोठ्याने म्हणाला, “काय दादा, तुमचा बाथरूमवाला जावई काय म्हणतो? पायांना ग्रिप आली की नाही?” आणि आपल्याच बोलण्यावर खो खो हसला. दादाने कॉम्प्रेसर सुरू केला. कुठल्याच टायरला हवा भरायची नव्हती.

संध्याकाळी शटर ओढताना तो मला म्हणाला, “मी त्याच्या मनगटावर हसलो गं.”

“हो.”

“तोही हसायचा.”

“हो, तोही हसायचा.”

शटर अर्धंच खाली आलं होतं. ते तसंच धरून तो उभा राहिला. “बबीने तरी सांगायचं ना मला.”

“कशाच्या जोरावर सांगेल? एकदा तुझ्यापुढे तोंड उघडलं तर तू तिला दार दाखवलंस.”

“रागात म्हणालो होतो मी.”

“तिला कसं कळणार? ती तर खरंच समजली.” मला थांबता आलं असतं, पण मी थांबले नाही. “दादा, तुझ्यापुढे खरं बोलायची सोय नाही. मी मशीनवर बसून इतकी वर्षं बोलते, कारण तू मला हिशेबातच धरत नाहीस.”

त्याने शटर खाली ओढलं आणि कुलूप लावलं. घरी ताटावर बसला आणि दोन घास खाऊन उठला.

शनिवारी दुपारी गाडी आली. दोघंही आली होती. गाडीला ती चकचकीत चाकंच होती. दुकानात दोन्ही कामगार होते, एक टेम्पोवाला आपल्या पाळीची वाट बघत बसला होता, आणि बॅटरीवाला नेहमीसारखा आमच्या पायरीवर.

“पुढचं डावं,” जावई म्हणाला.

दादाने कामगाराला हाताने थांबवलं. स्वतः नट सैल केले, जॅक लावला, चाक काढलं. चाक पायांमध्ये धरून त्यावरून तळवा फिरवत गेला. एका जागी तळवा थांबला. मग पक्कड घेऊन त्याने खिळा उपसला आणि माझ्या हातावर ठेवला.

रस्त्यावर लागलेला खिळा आम्ही रोज बघतो. तो तिरका घुसलेला असतो, वाकलेला, गंजलेला, आणि डोकं घासून गुळगुळीत झालेलं. हा नवाकोरा होता. टायरच्या खाचेत, बरोबर मधोमध, अगदी सरळ ठोकलेला. डोक्यावर हातोडीचा ओरखडा ताजा होता. कवळीत दात बसवावा तितक्या निगुतीने तो बसवला होता. दादाने ट्रॅकवर मानून घेतलेलं पंक्चर खोटं ठरू नये म्हणून त्या पोराने आपल्या हाताने आपल्या टायरमध्ये खिळा मारला होता.

मला रडू येईल असं वाटलं. मी खिळा मुठीत घेतला आणि मशीनकडे तोंड केलं.

“पंक्चर नव्हतंच,” दादा म्हणाला.

त्याने पक्कड खाली ठेवली.

“मला या गाडीतलं काही कळत नाही,” दादा म्हणाला. आवाज त्याचा नव्हताच. “त्या दिवशीही कळत नव्हतं. मला ट्रकचं कळतं, तेच मी तुमच्या गाडीला लावलं. तुमचं मनगट माझ्यामुळे मोडलं. आणि वर मी सगळ्या बाजारात हसत फिरलो.” तो जावयाकडे वळला. “आता तुम्ही सांगा. कोणती रिम, कोणते टायर. तुम्ही सांगाल ते मी बसवतो.”

टेम्पोवाला जमिनीकडे बघत होता. बॅटरीवाला पायरीवरून उठून आपल्या दुकानात गेला, आणि ही त्याने केलेली मोठी भलाई होती. जावई डाव्या हाताने उजवं मनगट चोळत होता. ते अजून पूर्ण वळत नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

“तसं काही नाही, बाबा,” तो हळूच म्हणाला. “हीसुद्धा चांगलीच आहेत. तुम्हाला योग्य वाटेल ते करा.”

दादा तसाच उभा राहिला. जे त्याने जन्मात कधी म्हटलं नव्हतं ते तो चार लोकांसमोर म्हणाला होता, आणि त्याचा काही उपयोग झाला नव्हता. समोरचा माणूस अजूनही त्याला सांभाळूनच घेत होता. दादाचा चेहरा इतका पडलेला मी वहिनी गेल्या तेव्हाही पाहिला नव्हता.

“ही चाकं नकोत, बाबा.”

बबी बोलत होती. “जड आहेत. टायर कडक आहेत. खड्ड्यात गाडी आदळते तेव्हा माझी कंबर धरते. रस्त्यासाठी पंधरा इंचीच हवीत, हलकी, आणि पावसात पाणी कापतील असे टायर. ट्रॅकसाठी वेगळा सेट, मऊ रबराचा. तो लवकर झिजेल. झिजू दे.” ती थांबली नाही. “त्याने हे तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तुम्ही ऐकलं नाहीत. तुम्ही कधीच ऐकत नाही.”

दादाने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. ती दुकानात नव्हती. हे सगळं ती शटरच्या बाहेर, रस्त्यावर उभी राहून बोलली होती. पर्स खांद्याला, ओढणी कमरेला खोचलेली. गाडी जॅकवर होती, तिचं एक चाक निघालेलं होतं, ती कुठे जाणार नव्हती. तरी गाडीची किल्ली बबीने मुठीत घट्ट धरली होती. बाप ‘चालती हो’ म्हणाला तर एक क्षणही इथे थांबावं लागू नये, अशा तयारीने ती उभी होती.

दादाच्या ते लक्षात आलं. मग तो गाडीच्या पलीकडे गेला, खाली बसला आणि ते चाकही उतरवायला उजव्या बाजूचे नट सैल करू लागला.

“आत ये गं,” मी बबीला म्हणाले. ती बराच वेळ बाहेरच उभी होती.